२४-७० की २४-१०५? आधी तुम्ही उभे कुठे राहता ते बघा

प्रश्न विचारणारे सोलापूरचेच आहेत. सेकंडहँड कॅनन आर६ बॉडी घेतली आहे, ओळखीपाळखीतली सहा-सात लग्नं मित्राच्या लेन्सवर काढून झाली आहेत आणि आता स्वतःची एक झूम घ्यायची आहे. बजेटमध्ये दोन बसतात. एक, ईएफ (कॅननच्या जुन्या डीएसएलआर जातीची) २४-७० एफ/२.८ एल, दुसरी आवृत्ती, वापरलेली, अडॅप्टर लावून चालणारी. दुसरी, आरएफ (आर६ ला थेट बसणारी) २४-१०५ एफ/४ एल. (नवख्यांसाठी: २४, ७०, १०५ ही मिलिमीटरमधली फोकल लेंथ, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त.) काम मुख्यतः लग्नाचं, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा हौसेखातर, आणि मामांच्या चादरीच्या कारखान्याचे कॅटलॉगचे फोटो अधूनमधून. ‘लग्नाला एफ/२.८ पाहिजेच असं सगळे म्हणतात, पण ७० कमी पडेल अशी भीतीही वाटते. काय घेऊ?’

मी सोलापुरात वीसेक वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय. दोन्ही जातीच्या लेन्स माझ्या हातून झिजल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सगळे म्हणतात’ ते खोटं नाही, जुनं आहे. मी सुरुवात केली तेव्हाच्या डिजिटल बॉडीत आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० च्या वर गेलं की नवरीच्या शालूवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसायचे. तेव्हा प्रकाशाचा एक स्टॉप म्हणजे अल्बममधलं एक पान वाचवणं किंवा घालवणं. एफ/२.८ आणि एफ/४ मधला फरक बरोब्बर एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट-निम्म्याचा. मंगल कार्यालयात एफ/२.८, १/२०० सेकंदाचं शटर आणि आयएसओ ३२०० वर जो फोटो येतो, त्यासाठी एफ/४ ला आयएसओ ६४०० लागतो. तुमच्या आर६ चा ६४०० चा फोटो १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये छापून आला की पार्टी सोडाच, मलाही शेजारच्या ३२०० च्या फोटोपासून तो वेगळा काढता येत नाही. म्हणजे हा एक स्टॉप तुमच्या बॉडीने बराचसा भरून काढला आहे. तुमच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची बॉडी असती तर माझं उत्तर उलटं असतं, हेही सांगून ठेवतो.

दुसरा समज असा की २.८ म्हणजेच मागचं पुसट होणार, ४ म्हणजे सगळं कोरडं. इथे जरा भागाकार करा. लांबच्या मागच्या गोष्टी किती पुसट होतील हे, माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर, लेन्सच्या भोकाच्या खऱ्या रुंदीवर ठरतं. ती म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ आकडा. ७० भागिले २.८ म्हणजे २५ मिलिमीटर. १०५ भागिले ४ म्हणजे २६ च्या थोडं वर. दोन पावलं मागे जा, १०५ ला ओढा, नवरीचा चेहरा तेवढाच मोठा ठेवा: मागच्या लायटिंगच्या माळा तितक्याच गोल आणि तितक्याच मऊ येतात. वर मागची फालतू गर्दी कमी दिसते, कारण लांब लेन्स मागचा तुकडाच छोटा उचलते. हे गणित मला कुणी आधी शिकवलं असतं तर मी माझी पहिली २४-७० घ्यायला गाडी विकली नसती. (गाडी म्हणजे लुना. पण तेव्हा तीच होती.) मात्र ५० किंवा ३५ ला थांबून काढणार असाल तर हा हिशोब चालत नाही, तिथे २.८ चा मऊपणा सरळसरळ जास्त आहे.

मग २.८ खरोखर कुठे लागतं? जिथे माणसं हलतात आणि फ्लॅश मारता येत नाही तिथे. वरात हे त्याचं नाव. मी एकदा होटगी रोडला रात्री दहाच्या सुमारास वरात काढत होतो, हातात २४-१०५. डोक्यावर लाइट घेतलेली माणसं पुढे गेलेली, मागे नवरदेवाच्या बहिणी नाचतायत, वरून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनवर भरवसा ठेवून शटर १/६० वर आणलं. स्क्रीनवर सगळं छान दिसलं. घरी मोठं करून बघतो तर मागच्या दुकानाची पाटी दाढीच्या ब्लेडसारखी धारदार आणि नाचणाऱ्या चौघींचे चेहरे लोण्यासारखे. हे नीट लक्षात घ्या: स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, नवरदेवाच्या बहिणीला थांबवत नाही. आर६ ची बॉडी आणि ही आरएफ लेन्स मिळून ८ स्टॉपपर्यंत स्थिरता देतात असा कॅननचा दावा आहे, आणि स्थिर वस्तूंसाठी ही जोडी खरंच कमाल आहे. पण नाचणारा माणूस पकडायला १/२०० ते १/२५० लागतंच, आणि ते प्रकाशातूनच काढावं लागतं.

आता याचीच दुसरी बाजू. आपल्याकडच्या कार्यालयांत लागलेले एलईडी दिवे आणि पॅनेल बऱ्याच ठिकाणी विजेच्या ५० हर्ट्झच्या हिशोबाने सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण १/२५० ला काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक अंधारा, एकात नवरीच्या शालूवर आडवा पट्टा असं येतं. त्यावर उपाय म्हणजे शटर १/१०० ला बांधणं, किंवा आर६ मधलं अँटी-फ्लिकर चालू करून मेकॅनिकल शटर वापरणं. सायलेंट मोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात लावू नका, पट्टे ठरलेले. तर १/१०० लाच काम करायची वेळ येणार असेल, तर एफ/४ ला आयएसओ ३२०० नेही भागतं आणि २.८ ची फुशारकी तिथे वाया जाते. कार्यालय बघून ठरवायची ही गोष्ट आहे. माझी सवय अशी: आदल्या दिवशी हळदीला गेलो की स्टेजवरचे दिवे लावायला सांगून दहा-बारा फोटो वेगवेगळ्या शटरला काढून बघतो.

फ्लॅशचं काय, असं विचाराल. फ्लॅश वापरणारा असाल तर एफ/४ चा तोटा एवढाच की फ्लॅशला दुप्पट ताकद लावावी लागते. मांडवाच्या पांढऱ्या छतावर बाउन्स करत असाल, म्हणजे उजेड वर मारून खाली पाडत असाल, तर चालून जातं. पण आजकाल छताला गुलाबी-केशरी कापडं लावतात. त्यावर बाउन्स केला की अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं येतं. आणि उंच छत असेल तर एफ/४ ला फ्लॅश फुल पॉवरवर जाऊन दम खातो, नेमकं तेव्हाच ‘सावधान’ होतं. त्यामुळे मी स्टेजच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर दोन फ्लॅश रेडिओ ट्रिगरवर लावतो. मग लेन्स २.८ ची आहे की ४ ची, हा प्रश्नच मिटतो.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मते हा प्रश्न उजेडाचा नाही, जागेचा आहे. लग्नात तुम्हाला उभं राहायला कुठे मिळतं?

मंगलाष्टका चालू आहेत. आंतरपाट धरलाय. नवरीच्या मागे मामा, नवरदेवाच्या मागे मामा, दोन करवल्या, भटजी, व्हिडिओवाला आणि त्याचा लाइट धरणारा पोरगा, आणि प्रत्येक काकूच्या हातात मोबाइल. तुम्हाला स्टेजच्या कडेला जेमतेम तीन मीटरवर जागा मिळते आणि ती मिळाली की सोडायची नसते. सोडली तर तिथे कुणाचा तरी जावई येऊन उभा राहतो. तीन मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर ७० ला साधारण दीड मीटर उंचीचा तुकडा फ्रेममध्ये येतो. १०५ ला एक मीटर. ऐकायला फरक छोटा, पण दीड मीटरात नवरीबरोबर मामाचं पोट आणि भटजींचा कोपर येतो, एका मीटरात नवरीचा चेहरा, मुंडावळ्या आणि हातातला हार. ‘मग क्रॉप करू’ म्हणाल, तर ७० चा फोटो १०५ इतका कापल्यावर २० मेगापिक्सेलचे ९ उरतात. अल्बमच्या अर्ध्या पानाला पुरतात, दोन पानं भरून पसरवायला नाही.

सोलापुरात हे जास्त जाणवतं, कारण इथे लग्नं एका ठशाची नसतात. मराठी घरातलं लग्न, लिंगायत घरातलं कानडी वळणाचं लग्न, पूर्व भागातलं तेलुगू घरातलं लग्न, तिन्हीत तुमची जागा वेगळी. तेलुगू लग्नात नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. मुख्य क्षण तोच, आणि तेव्हा चारी बाजूंनी नातलग वाकलेले असतात. हात आणि दोन कपाळं एवढंच पाहिजे असतं. माझ्याकडे फक्त २४-७० असताना असे दोन-तीन प्रसंग मी गमावले. गमावले म्हणजे फोटो आले, पण त्यात एका आजोबांचं टक्कल नवरीपेक्षा मोठं आलं. पार्टी काही बोलली नाही. मीच तो फोटो अल्बममध्ये घातला नाही.

उलट बाजू प्रामाणिकपणे सांगायची तर, तुमच्याकडे दुसरी बॉडी आणि ७०-२०० असती, तर मी डोळे झाकून २४-७० घ्या म्हणालो असतो. तिथे १०५ चा उपयोग उरत नाही आणि २.८ चा उरतो. तुमच्याकडे तसं नाही. एक बॉडी, एक लेन्स, एकटा माणूस. मे महिन्यातल्या दाट तिथीला मांडवात, ४२ डिग्रीत, धुळीत लेन्स बदलत बसणं हा पर्याय मी धरतच नाही. आर६ ला पुढे आरसा नाही, लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो.

गड्ड्याची यात्रा. खरं तर ते पण लग्नच की! सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्याचीच ही आठवण. सोलापूरच्या फोटोग्राफरचं वर्षातलं पहिलं लग्न हेच. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतल्या लोकांच्या खांद्यावरून निघतात, ६८ लिंगांना जातात, संक्रांतीच्या आसपास सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. हे सगळं भर उन्हात. जानेवारीचं स्वच्छ ऊन, पांढरे कपडे. एफ/८ ला १/५०० आरामात मिळतं, २.८ उघडायची वेळच येत नाही. मात्र गर्दीत एकदा अडकलात की पाय हलवायला जागा नसते. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं आणि हजारो हात वर गेले की २४ ला पूर्ण नंदीध्वज, अर्ध्या सेकंदात १०५ ला अक्षता टाकणाऱ्या आजींचा चेहरा, हे तुमच्या मनगटातून झालं पाहिजे, पायातून नाही. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११ आणि दोन-चार सेकंद. तिथे कुठलीही लेन्स चालते.

चादरीच्या कॅटलॉगला दोन्ही लेन्स एफ/८ वर सारख्याच. फक्त आरएफ २४-१०५ ला २४ च्या टोकाला सरळ रेषा बाहेर फुगतात. कॅमेऱ्यातलं किंवा सॉफ्टवेअरमधलं करेक्शन ते सरळ करतं, पण आपल्या चादरीवर काठाच्या रेषा इतक्या सरळ असतात की उरलंसुरलं वाकणंही मामांच्या डोळ्यात येईल. त्यामुळे ५० ते ७० मध्ये राहा, चादर टांगून समोरून काढा. चौकडीच्या विणीवर कधीकधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात. तो लेन्सचा दोष नाही, एक पाऊल पुढे-मागे झालात की जातो. आणि मागांच्या शेडमध्ये काढणार असाल तर सुताची तूस हवेत तरंगत असते. दोन्ही लेन्स झूम करताना लांब होतात आणि आतबाहेर हवा घेतात. पुढे फिल्टर लावा, शेडमधून बाहेर आल्यावर ब्लोअरने नळी झटका, कापडाने पुसू नका.

वजनाचं म्हणाल तर २४-७० ही ८०५ ग्रॅम, अडॅप्टरचे ११० वेगळे. २४-१०५ सातशे ग्रॅम. सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत एका मनगटावर दोनशे ग्रॅम जास्तीचे. तिशीत कळत नाही, माझ्या वयात कळतं.

तर माझा सल्ला: आरएफ २४-१०५ एफ/४ एल घ्या, आणि पैसे वाचले तर वाचलेल्या पैशात, नाही वाचले तर पुढच्या दोन ऑर्डरींतून, आरएफ ५० एफ/१.८ घ्या. ती १६० ग्रॅमची आहे, खिशात मावते, आणि एफ/२.८ पेक्षाही सव्वा स्टॉपाहून जास्त उजेड देते. वरात आणि रात्रीची संगीतसंध्या तिच्यावर काढा. अंधाराचं काम अर्ध्या तासाचं असतं, त्यासाठी दिवसभर २.८ खांद्यावर वागवायचं कारण नाही. फक्त एक धोका: एफ/१.८ आणि २.८ च्या नादाला लागून कुटुंबाचे ग्रुप फोटो उघड्या लेन्सवर काढू नका. ७० ला, एफ/२.८ वर, तीन मीटरवरून जेमतेम ३० सेंटिमीटर खोली धारदार येते. दोन रांगा असल्या की मागच्या रांगेतल्या सगळ्या आत्या रुसल्या म्हणून समजा. ग्रुपला एफ/५.६ ते ८.

हा सल्ला मी तुमच्या लिहिण्यावरून दिला, तुमचे फोटो बघून नाही. म्हणून पैसे देण्याआधी एक काम करा. मित्राच्या लेन्सवर काढलेली ती सहा-सात लग्नं लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंथ निवडा. कुठल्या आकड्याला किती फोटो, समोर येईल. त्यातले डिलिव्हर केलेलेच मोजा, सगळे नाहीत. एक मेख लक्षात ठेवा: ढीग लेन्सच्या शेवटच्या आकड्यावर लागला असेल तर ‘मला एवढंच लागतं’ असा अर्थ काढू नका, बहुतेक वेळा ‘आणखी हवं होतं, पण लेन्स संपली’ असाच असतो. ढीग २८ ते ५० मध्ये असेल आणि आयएसओ कायम ६४०० च्या वर गेलेला असेल, तर माझं न ऐकता २४-७० घ्या. तुमची नजर तशी आहे, आणि नजरेपेक्षा लेन्स मोठी नसते.

खरेदीच्या वेळी नावात फसू नका. २४-१०५ नावाच्या आरएफ लेन्स एकापेक्षा जास्त आहेत. एफ/४-७.१ वाली ३९५ ग्रॅमची हलकी लेन्स वेगळी. १०५ ला तिचं भोक ७.१ वर येतं आणि कार्यालयात तिचा जीव गुदमरतो. तुम्हाला हवी ती एफ/४ एल, पुढे लाल कडं असलेली, ७७ चा फिल्टर लागणारी. तसंच जुन्या २४-७० एफ/२.८ एल च्याही दोन आवृत्त्या आहेत. पहिली २००२ ची, ९५० ग्रॅम, फिल्टर ७७ चा, आणि ती उलटी चालते: २४ ला सगळ्यात लांब होते. दुसरी २०१२ ची, फिल्टर ८२ चा, ७० ला लांब होते. विकणारा ‘दुसरी आहे’ म्हणाला तरी फिल्टरचा आकडा वाचा आणि एकदा झूम फिरवा. मला एकदा एकाने पहिली ‘मार्क टू’ म्हणून दाखवली होती. त्याला खरंच माहीत नव्हतं की मला वेड्यात काढत होता, देव जाणे.

सेकंडहँड कुठलीही घेताना आपली बॉडी सोबत न्या. मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, हात जोडून परत या. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी कमी धरते, पण लेन्स कोकणातून किंवा मुंबईतून फिरत आलेली असू शकते. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत येत नाहीत. समोरच्या विटांच्या भिंतीचा फोटो पूर्ण उघड्या भोकावर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखे थोडे मऊ असतील तर चालेल. एकच बाजू वितळलेली दिसली तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. कॅमेरा खाली धरून झूमचं कडं आपोआप सरकतंय का तेही बघा. आरएफ हलवून पाहिली आणि आत काही खुळखुळलं तर स्टॅबिलायझेशनची काच सैल असते म्हणून. बंद असताना ते नॉर्मल आहे. ईएफ २४-७० मध्ये ते नाहीच, त्यामुळे तिच्यात खुळखुळ ऐकू आली तर मात्र ठेवून द्या.

आणि एवढं करूनही मन मानत नसेल, तर येत्या तिथीला २४-७० भाड्याने आणा. एक लग्न तिच्यावर, पुढचं मित्राच्या लेन्सवर, आणि दोन्हींचे फोटो घरी आईला दाखवा. कुठल्या लग्नात नवरी जवळची वाटते ते ती एका मिनिटात सांगेल.